थंड देशातलं इंजिन

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला ‘गॅरेजमधले गमतीदार किस्से’ लिहायला सांगितलं होतं. किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच गाडी समोर येऊन उभी राहते, आणि तिच्यात गमतीदार असं काही नाही. त्या गाडीचं इंजिन मी बांधलं, आणि त्या इंजिनाने एका मुलीचा जीव जवळजवळ घेतलाच होता. दोष इंजिनाचा नव्हता, माझा होता. ही गोष्ट बेंगळुरातल्या आमच्या अख्ख्या चामराजपेटेत माझ्याशिवाय फक्त सलीमला माहीत आहे. आता अंक वाचणाऱ्यांनाही कळेल. कळू दे.

मी चाळीस वर्षं एकाच जातीची गाडी दुरुस्त केली. बीटल. आमच्या गल्लीत तिला ‘आमे’ म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये कासव. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि गॅरेजात जे तोंडाला येईल ते. सलीम माझा तीस वर्षांचा जोडीदार. इंजिन मी बघायचं, पत्रा आणि वेल्डिंग त्याने. तो मला अण्णा म्हणतो आणि माझं एकही म्हणणं मुकाट्याने मान्य करत नाही.

या धंद्यातलं थोडं सांगायला हवं. तुमच्या गाड्यांत पुढे रेडिएटर असतो, त्यात पाणी फिरतं आणि इंजिन थंड राहतं. बीटलचं इंजिन मागे असतं आणि त्याला पाणी लागतच नाही. एक पंखा चारी सिलिंडरांवर वारा मारतो, बस्स. हा वारा इकडेतिकडे न जाता नेमका हवा तिथेच जावा म्हणून इंजिनाभोवती पत्र्याची आवरणं असतात. अर्धे मेकॅनिक ती काढून फेकतात. ‘इंजिन जरा मोकळं राहू दे’ म्हणतात. मग तिसरा सिलिंडर भाजतो आणि गाडी रडत माझ्याकडे येते. माझ्या उस्तादांचा दंडक होता: ज्या भोकाला झाकण दिलंय ते उघडं ठेवायचं नाही, आणि ज्या नळीला जागा दिलीय ती लटकती ठेवायची नाही. हा दंडक मी चाळीस वर्षं डोळे मिटून पाळला. त्यानेच मला तोंडघशी पाडलं.

जुन्या बीटलचं मूळ इंजिन लहान. चढावर मागून बसवाले हॉर्न मारतात, मालकाला लाज वाटते, थोडी ताकद हवी वाटते. नवं मोठं इंजिन मिळत नाही, आणि मिळालं तर परवडत नाही. मग आम्ही परदेशातून भंगारात आलेलं, त्याच घराण्यातलं मोठं इंजिन शोधतो, पार खोलतो, आतलं झिजलेलं सगळं नवं घालतो. चार बोल्ट काढले की जुनं इंजिन खाली येतं, चार बोल्ट लावले की दुसरं चढतं. बाहेरून गाडी आहे तशीच. असल्या स्वस्तातल्या ताकदीसाठी लोक माझ्याकडे म्हैसूर, कोईमतूरहून यायचे.

आणि लोक माझ्याकडे भुतं घेऊनही यायचे. मल्लेश्वरमला एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी चावी काढून खिशात घातली तरी गाडी मिनिटभर फडफडत चालूच राहायची. घरच्यांनी आधी लिंबू-मिरची बांधली, मग पुजारी बोलावला, मग मला. सिलिंडरमध्ये काजळी साचली होती. ती निखाऱ्यासारखी लाल राहायची आणि ठिणगीशिवायच पेट्रोल पेटवायची. काजळी खरवडली, भूत गेलं. हेडमास्तर उलट थोडे नाराजच झाले, कारण भूत होतं तोवर शेजारी रोज चौकशीला यायचे. अशी पाच-सात भुतं मी उतरवली. प्रत्येकाला कारण असतं आणि ते पान्याच्या टप्प्यात असतं, असं मी छाती पुढे काढून सांगायचो.

मुग्धा आली ती गाडी ट्रकवर घालून. मूळची पुण्याची, तिशीची, राहायला सर्जापूर रोडला, नोकरी हेब्बाळच्या एका आयटी पार्कात. गाडी तिच्या वडिलांची. आई ती लहान असतानाच गेलेली, वडील आदल्या वर्षी गेले. पुण्याचं घर तिने विकलं, गाडी विकवली नाही.

“काका, मला ही शोपीस म्हणून नकोय. डेली यूज करायचीय. ऑफिसला हीच नेणार.”

“रोज? सर्जापूरहून हेब्बाळ? ह्या इंजिनावर?”

“म्हणून तर तुमच्याकडे आले ना. पॉवर वाढवा. पण बाहेरून काही चेंज नको. बाबांची होती तशीच दिसली पाहिजे.”

बोलताना तिचा हात गाडीच्या टपावरून फिरत होता. मला पोरगी आवडली. म्हटलं, सरी, ठीक आहे, करू या.

सलीमने बंदरावरून आलेल्या भंगारातून एक मोठं इंजिन हुडकलं. कुठल्या तरी बर्फाच्या देशातलं होतं. आतून सुरेख निघालं. मी ते दीड महिना घेऊन बांधलं. इतकं मन लावून मी फार कमी इंजिनं बांधली आहेत.

त्या इंजिनाला दोन्ही बाजूंना हीटरच्या पेट्या होत्या. इंजिनाच्या धुराचा तापलेला पाइप या पेटीतून जातो. पंख्याचा वारा त्या पाइपाच्या अंगावरून जाऊन गरम होतो आणि नळीतून गाडीत, बसणाऱ्याच्या पायाशी येतो. थंड देशात याच्याशिवाय चालत नाही. बेंगळुरात हीटर कोण लावतो? आमच्याकडे सगळे पेट्या काढून साधा पाइप बसवतात आणि गाडीतल्या नळ्यांची तोंडं बुजवून टाकतात. सलीम तेच म्हणाला.

“अण्णा, काढून टाकू. साधा पाइप, स्वल्प वेल्डिंग, झालं.”

मी नको म्हटलं. पेट्या बाहेरून खणखणीत होत्या, काळा रंग दिलेल्या. मुग्धाच्या गाडीतल्या मूळच्या नळ्यांची तोंडं जागेवर होती. जागा दिलीय तर जोडायची. जोडल्या. हीटर चालू-बंद करायची तार कधीच तुटली होती आणि झडप अर्धवट उघडी अडकली होती. म्हटलं, असू दे, पायाला थोडी ऊब लागली तर काय बिघडतं. बर्फाच्या देशात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ लोखंड कुठे कुठे खातं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या गल्लीत कधी बर्फ पडला नाही.

गाडी झोकात चालली. मुग्धा फोनवर ओरडलीच, “काका, फ्लायओव्हरवर मी बसला ओव्हरटेक केलं!” महिन्याभराने ती ऑइल बदलायला आली. नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं. मी खाली ऑइल सोडत होतो, ती स्टुलावर बसली होती. थोडी वाळलेली वाटली.

“काका, एक सांगू? हसायचं नाही.”

“बोल की.”

“गाडीत बाबा येतात.”

मी खालून बाहेर आलो.

“रोज नाही. ज्या दिवशी थंडी असते, धूळ असते, काचा लावलेल्या असतात तेव्हा. मारतहळ्ळी ओलांडली की मागची सीट वाजते. कुणी बसल्यावर वाजते ना, तशी. मग पायाशी ऊब येते. मी आरशात बघतसुद्धा नाही. गरजच वाटत नाही. इतकं शांत वाटतं ना, काका.”

“भीती नाही वाटत?”

“बाबांची कसली भीती?” ती हसली. “फक्त ऑफिसात पोचले की डोकं जाम दुखतं. ते कामाच्या टेन्शनमुळे असेल. पण काका, प्लीज, काही चेंज करू नका. आहे तसं राहू द्या.”

पायाशी ऊब आणि डोकेदुखी. दोन्ही गोष्टी तिने माझ्याच स्टुलावर बसून मला सांगितल्या होत्या. मी, प्रत्येक भुताला कारण शोधणारा माणूस, त्या दिवशी गप्प बसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. माझ्या हातच्या इंजिनाने एका पोरक्या पोरीला तिचा बाप थोडा वेळ परत दिला, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी त्यावर खूश झालो. ऑइल बदललं आणि “सांभाळून जा गं” म्हणून निरोप दिला. त्या खुशीची मला आजही शरम वाटते.

पुढे तीनेक आठवड्यांनी सकाळी तिचा फोन आला. हेब्बाळच्या तळ्याजवळ सर्व्हिस रोडवर होती.

“काका, येता का? गाडी ठीक आहे. मी ठीक नाहीये.”

मी आणि सलीम त्याच्या स्कूटरवरून गेलो. गाडी फुटपाथला तिरकी लागली होती, दार सताड उघडं. मुग्धा कडेला बसली होती. ओकारी झाली होती, चेहरा मात्र लालबुंद, उन्हातून आल्यासारखा. काय झालं विचारलं तर नुसती मान हलवली. तिच्या ऑफिसातली मैत्रीण आली आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. मी म्हटलं, गाडी गॅरेजला नेतो, इंजिन बघतो. सलीम मागून स्कूटरवर निघाला.

बाहेर खोदकामाची धूळ होती म्हणून मी काचा वर केल्या. मेखरी सर्कलपर्यंत काही नाही. इंजिन एकसारखं गुरगुरत होतं, मी कान देऊन ऐकत होतो आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होतो. पुढे गाड्या तुंबल्या. थांबत, सरकत, पुन्हा थांबत चाललो होतो. पायाशी ऊब आली. सकाळच्या गारठ्यात ती फार बरी वाटली.

मग मागची सीट कुरकुरली.

मी आरशात पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही. मागे कुणीतरी बसलं होतं, ते माझ्या ओळखीचं होतं, आणि ते सावकाश श्वास घेत होतं, एवढं मला पक्कं कळत होतं. कोण आहे ते आठवायची काही घाई नव्हती. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजायला लागले, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत वाजत होते. मी गिअर टाकला नाही. गाडी हलवली तर मागचा माणूस उठून जाईल असं वाटलं. मला त्या वेळी घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नव्हतो. मला सुख वाटत होतं, आणि आज रात्री-अपरात्री आठवतं ते हेच, की सुख वाटत होतं.

दार उघडून कुणीतरी माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलं. सलीम.

“अण्णा! येनायितु? काय झालं? हाका मारतोय केव्हाचा! तोंड बघा तुमचं, लालभडक झालंय!”

मी रस्त्याच्या कडेला बसलो. डोक्यात घण पडत होते. समोर सलीमचा चेहरा आणि थोड्या वेळापूर्वी पाहिलेला मुग्धाचा चेहरा, दोन्ही एकात एक मिसळत होते. तिचा लाल, माझाही लाल. मागची सीट आता रिकामी दिसत होती. गाडी सलीमने चारी बाजूंनी उघडी टाकून आणली.

दुपारी आम्ही दोन्ही पेट्या उतरवल्या. मी बायकोकडून देवघरातला धूप मागून घेतला. धुराचा पाइप एका बाजूने चिंधीने बुजवला आणि दुसऱ्या तोंडातून आत धुपाचा धूर फुंकला. पाइप आतून धड असता तर धूर कोंडून माझ्याच तोंडावर परत आला असता. तसं झालं नाही. जिथून गरम हवा गाडीत जाते, त्या तोंडातून निळा धूर संथपणे बाहेर आला. शेडभर देवळाचा वास पसरला. एरवी सलीम ‘मी सांगितलं होतं’ म्हणायची संधी सोडत नाही. त्या दिवशी सोडली.

आतला पाइप मिठाने चाळणीसारखा केला होता. बाहेरच्या काळ्या रंगाने ते झाकलं होतं. इंजिनाच्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला रंग नाही, वास नाही. बाकी धुराचा थोडा वास येतो, पण जुन्या गाडीत तेलापेट्रोलचा वास असतोच, कोण लक्ष देतं? तो वायू रक्तात शिरतो आणि हवेची जागा अडवून बसतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, मग भास होतात. त्यानंतर माणूस उठत नाही. मी तो रोज सकाळी त्या पोरीच्या पायाशी सोडत होतो.

“साधा पाइप घालू,” सलीम म्हणाला. “तिला सांगायला कशाला पाहिजे, अण्णा? वाचली ना? एवढ्या वर्षांचं नाव आहे तुमचं.”

खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस तसा विचार केला. पाइप बसवला, नळ्यांची तोंडं बुजवली. फार झालं तर किरकोळ बिघाड होता असं सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. पेट्या, मीठ, धूप, माझा दंडक, सगळं. ती ओरडेल, पोलिसांत जाईन म्हणेल, अशी मनाची तयारी केली होती.

तिने पेट्यांकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात पडल्या होत्या.

“म्हणजे बाबा नव्हते,” ती म्हणाली.

“नव्हते, पोरी. गॅस होता. मलासुद्धा माणूस बसल्यासारखा वाटला. माझी चूक आहे. तू मला काय म्हणायचं ते म्हण.”

“परत लावा.”

“काय?”

“पेट्या. एकदाच, काका. लांब नाही जाणार. मारतहळ्ळीच्या थोडं पुढे, बस. मी त्यांना शेवटचं नीट भेटलेच नाही. हॉस्पिटलमध्ये मी पोचेपर्यंत...” तिने वाक्य सोडून दिलं. “मला कळतंय तुम्ही बरोबर आहात. तरी लावा.”

“अगं, मरशील!”

“एकदाच म्हणतेय ना.”

तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते पाहून मी उठलो. पेट्या अशाच ठेवल्या तर ती दुसऱ्या कुणाकडून बसवून घेईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी मोठा हातोडा घेतला आणि दोन्ही पेट्या तिच्यासमोर चेपून टाकल्या. गंजाचे पापुद्रे सगळीकडे उडत होते. पहिल्या घावाला तिने डोळे मिटले आणि मी थांबेपर्यंत उघडले नाहीत. तिच्यासमोर करायला नको होतं, असं नंतर कितीदा तरी वाटलं. मग ती गाडी घेऊन गेली. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं, पण पोरगी वाचली, तेवढं पुरे.

चार महिने तिचा काही निरोप नव्हता. मध्ये माझा एक डॉक्टर गिऱ्हाईक आला होता. नाव न घेता मी त्याला विचारलं, असा गॅस, बंद काचा, दर खेपेला दीड तास, तर माणसाचं काय होतं? तो म्हणाला, एकदोनदा निभावेल. पण तुम्ही सांगताय तसा महिना-दोन महिने? निभावू नये. हे ‘निभावू नये’ माझ्या डोक्यात घर करून बसलं. मी स्वतः एकाच फेरीत गार झालो होतो.

मग एके दिवशी मुग्धा टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट, सेट करायला आली. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना करावं लागतं, म्हणून गाडी आदल्या दिवशी सोडून ती दुसऱ्या सकाळी आली होती. चेहरा भरला होता. सलीमने चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मला राहवलं नाही.

“मुग्धा, एक विचारतो. तू वाचलीस कशी?”

तिने कप खाली ठेवला.

“बाबा बोलायचे,” ती म्हणाली. “हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. एकच वाक्य, दर वेळी. ‘मुग्धे, काच खाली कर.’ मी केली की वारा आत यायचा, आणि ते गेलेले असायचे. मला इतका राग यायचा, काका. आल्या आल्या स्वतःच जायचं बघतात. मग मी उशीर करायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ते तेच म्हणत राहायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे कारण तयार होतं. शरीराला हवा कमी पडते, मग मेंदूच ओळखीच्या आवाजात सांगतो, असलं काहीतरी. बरोबरही असेल. पण तिचं अजून संपलं नव्हतं.

“आणि त्या दिवशी?” मी विचारलं. “हेब्बाळला?”

“त्या दिवशी मी ठरवूनच निघाले होते. काच खाली करायचीच नाही.”

सलीम हातातला पाना तसाच धरून उभा राहिला.

“मग बाबा ओरडले. जन्मात कधी त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. इतक्या जोरात ओरडले की मी दचकून ब्रेक मारला आणि दारच उघडलं.”

“रागावले होते?”

“नाही, काका,” ती म्हणाली. “घाबरले होते.”